अठरा भोकांचं नवं गावकूस

१९२७ साली मुंबई इलाख्यात दोन गोष्टी झाल्या. २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्या मागून हजारो माणसं प्याली. त्याबद्दल सवर्णांनी आमच्या माणसांची डोकी फोडली आणि मग शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्याच साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. इकडं माणसाला ओंजळभर पाण्यासाठी रक्त सांडावं लागत होतं आणि तिकडं साहेबाच्या चेंडूसाठी गवत हिरवं राखायचं ठरत होतं. गवताची जात कुणी विचारली नाही.

शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी एका पानावर येत नाहीत. म्हणून आम्ही आमच्या पानावर आणतो.

लगेच कुणीतरी शहाणा म्हणणार, काहून रे बाबा, हिंगोली जिल्ह्यात गोल्फचं मैदान कुठं आहे? कयाधूच्या काठावर, सेनगाव-कळमनुरीच्या माळावर पोरं विटीदांडू खेळतात. तुम्हाला गोल्फच्या भावाचं काय पडलंय? हळदीच्या भावावर लिहा, सोयाबीनच्या भावावर लिहा.

लिहू की. पण दोस्तहो, हा भाव खेळाचा नाही, जमिनीचा आहे. आणि जमिनीचं नाव निघालं की आमचा संबंध येतोच. कारण आमच्याकडं ती नाही.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घ्या. शंभर-दीडशे एकर जमीन घ्यायची. त्यात सव्वाचार इंच रुंदीची अठरा भोकं पाडायची. मग काठीनं एक पांढरा चेंडू मारत मारत, चालत चालत, एकेका भोकात घालायचा. अठरा भोकं संपली की एक फेरी झाली. चार-पाच तास जातात. पिशवी दुसऱ्यानं उचलायची. त्या दुसऱ्याला कॅडी म्हणतात. आमच्या भाषेत हमाल.

आता या एका फेरीचा भाव ऐका. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज म्हणून गाव आहे, या खेळाचं पंढरपूरच म्हणा. तिथल्या जुन्या मैदानावर २०२३ साली मोसमात एका फेरीला २९५ पौंड पडत. २०२५ साली ३४० झाले. म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या वर. अमेरिकेत पेबल बीच आहे, तिथं २०२४ साली ६७५ डॉलर. पंचावन्न हजारांच्या वर. आणि स्कॉटलंडमध्येच टर्नबेरी म्हणून आहे. तिचा मालक डोनाल्ड ट्रम्प. २०१४ साली त्यानं ती विकत घेतली. तिथं २०२५ साली बाहेरून येणाऱ्या माणसाला मोसमातल्या सकाळच्या एका फेरीचा भाव १००० पौंड लावला. लाखाच्या वर रुपये. चेंडू भोकात घालायला.

मी दहावी शिकलेला गोदी कामगार. पण हिशोब मला येतो, कारण माझ्या अंगावरून रोज माल जातो आणि माझा भाव मला माहीत आहे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. २००५ च्या कायद्यानं हमी दिली होती वर्षाला १०० दिवसांची. म्हणजे हमीचे झाले ३१,२०० रुपये. सेनगावच्या बाईनं उन्हात तीन वर्षं हमीची खडी फोडली तरी टर्नबेरीच्या एका सकाळीची भरपाई होत नाही. आणि ही रोजगार हमी ज्या महाराष्ट्रानं देशाला दिली म्हणून सगळे छाती फुगवतात, ती १९७२ च्या दुष्काळात आमच्याच बायाबापड्यांच्या उपाशी पोटातून निघाली होती.

मग हा भाव वाढतो कशानं? गवत महाग झालं का? चेंडू सोन्याचा झाला का? २०२० च्या टाळेबंदीनंतर पैसेवाल्यांची रांग या मैदानांवर वाढली. मैदानं तेवढीच, दिवस तेवढाच, म्हणून भाव चढला, असं जाणकार सांगतात. खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. बाजारात तूरडाळ महागली की गिऱ्हाईक अर्धा किलोवरून पावशेरावर येतं. इथं उलटं. भाव चढतोय आणि रांगही हलत नाही. कामून? कारण त्या गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते भावातच आहे. तो खेळाचे पैसे देत नाही. आपल्या शेजारी कोण खेळणार नाही, याचे पैसे देतो. भाव जेवढा उंच, तेवढं कुंपण उंच.

हे आम्ही जिभेला हाड नाही म्हणून बोलत नाही. या खेळाचा इतिहास काढा. अमेरिकेतल्या धंदेवाईक गोल्फ खेळाडूंच्या संघटनेच्या घटनेत 'फक्त गोऱ्यांसाठी' असं कलम होतं, ते १९६१ साली निघालं. ऑगस्टा नॅशनल हा तिथला सगळ्यात मानाचा क्लब. तिथं पहिला काळा सभासद घेतला १९९० साली. पण तोपर्यंत काळा माणूस त्या मैदानावर नव्हता असं नाही. होता ना! १९८२ पर्यंत तिथल्या मोठ्या स्पर्धेत गोऱ्यांच्या पिशव्या उचलणारे झाडून सगळे काळेच होते. खांदा चालत होता, माणूस चालत नव्हता. ओळखीचं वाटतंय ना? मेलेलं ढोर ओढायला आमचा हात चालायचा, पाणवठ्यावर तोच हात बाटवायचा.

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्याच माणसाचं ऐका. पापवा सेवगोलम. मूळ भारतीय घरातला, डर्बनचा, कॅडी म्हणून वाढलेला. १९६३ साली त्यानं गोऱ्यांना हरवून नाताळ ओपन जिंकली. गोरे क्लबच्या इमारतीत बसले आणि याला बक्षीस दिलं बाहेर, पावसात. आत यायला त्याला बंदी होती. जिंकलेला बाहेर, हरलेले आत. या खेळाची अख्खी घटना या एका फोटोत मावते.

ते परदेशातलं, जुनं झालं म्हणता? मग दिल्लीला या. २०१७ सालचा जून. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांत मेघालयातली एक खासी बाई होती. आपल्या लोकांचा जैनसेम नेसून आली होती. क्लबच्या माणसांनी तिला टेबलावरून उठवलं. काय म्हणून? मोलकरणीसारखी दिसते म्हणून. बभ्रा झाल्यावर दिलगिरी वगैरे झाली. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून जे निघालं, तीच त्यांची खरी नियमावली.

आज कायद्यानं दारावर पाटी लावता येत नाही. 'अस्पृश्यांना मज्जाव' लिहिलं तर अट्रॉसिटी लागते. म्हणून पाटी काढली आणि भाव लावला. भावाला जात नाही, असं सांगतात. अरे, ज्यांच्या सात पिढ्यांना जमीन घेऊ दिली नाही, सोनं घालू दिलं नाही, नाणं साठवू दिलं नाही, त्यांच्यासमोर भाव मांडणं म्हणजे जात विचारणंच झालं की. फक्त तोंड वाकडं न करता विचारलेली.

आता जमिनीकडं या. दिल्लीच्या त्याच क्लबकडं राजधानीच्या काळजात १७९ एकर सरकारी जमीन आहे. भाडेपट्टा २०५० पर्यंत. भाडं वर्षाला ५ लाख ८२ हजार. भागाकार करा. एकरी सव्वातीन हजार रुपये वर्षाला. आमच्या हिंगोलीत कोरडवाहू एकर ठोक्यानं करायचं म्हटलं तरी शेतमालक यापेक्षा जास्त मोजून घेतो! आणि ती जमीन कुणाची? सरकारची. सरकार कुणाचं? मतपेटीपुरतं तरी आमचं.

इकडं महाराष्ट्रात खारघरला पांडवकड्याच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ मैदान आहे, शंभर हेक्टरच्या वर. तिथं कुणीही पैसे भरून खेळावं, असं सांगतात. पैसे भरून! मेख तिथंच आहे. नवी मुंबईसाठी ठाणे-पनवेल-उरणच्या पंचाण्णव गावांतली जमीन सरकारनं कवडीमोलानं घेतली. भाव मागायला आगरी-कोळी शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागं उभा राहिला, तेव्हा १९८४ च्या जानेवारीत पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं गेली. त्या मढ्यांवरून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. सार्वजनिक कामाला म्हणून घेतलेल्या जमिनीवर गोल्फ हे कुठलं सार्वजनिक काम, ते कुणी सांगेल का?

आणि आता गायरान बघा. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो माणसं तुरुंगात गेली. बाया पोरं कडेवर घेऊन गेल्या. त्याच जोरावर मराठवाड्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यानं, पारध्या-वडारानं दगडगोट्याचं गायरान फोडलं, ज्वारी पेरली, तूर पेरली. गावानं पिकात ढोरं घातली, झोपड्या जाळल्या, तरी पेरली. तलाठ्यानं दंड केला तर दंड भरला आणि पावती ट्रंकेत जपून ठेवली. कारण आमच्याजवळ सातबारा नाही. जमीन कसल्याचा पुरावा काय, तर गुन्ह्याची पावती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कित्येकांचं नाव अजून १-ई च्या वहीत अतिक्रमणदार म्हणूनच पडलंय. वरून २०११ साली गायरानं मोकळी करायचा हुकूम निघाला आणि २०२२ साली उच्च न्यायालयात विषय गेल्यावर गावोगाव नोटिसा फिरल्या. दोन एकर तुरीवर!

म्हणजे न्याय असा. एकराला सव्वातीन हजार देऊन १७९ एकरात चेंडू मारणारा तो भाडेकरू. दोन एकरात दाणा पिकवून दंड भरणारा तो अतिक्रमणदार.

पाण्याचंही तेच. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून पहिल्या गाडीत ५ लाख लिटर आलं. हायकोर्टानं क्रिकेटचे आयपीएल सामने राज्याबाहेर काढले. बरं केलं. पण अठरा भोकांच्या गवतालाही रोज लाखांनी लिटर पाणी लागतं. त्याची तेवढी बोंब आम्ही ऐकली नाही.

आता वकिली ऐकू. म्हणतात, गोल्फमुळं गरिबाच्या पोरांना काम मिळतं. कॅडीचा खेळाडू होतो. अली शेर पिशव्या उचलायचा, १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. चौरसियाचा बाप कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखायचा, पोरगा परदेशात स्पर्धा जिंकून आला. सलाम आहे त्यांना, मनापासून. पण चोरून खेळून, उष्ट्या काठ्या वापरून दोन पोरं वर आली, यात मैदानाचा मोठेपणा कुठला? जी हजारो पोरं पिशवी उचलता उचलता म्हातारी झाली, त्यांना पगार काय, फंड काय, आजारपणाची रजा काय, ते विचारा. गोदीत आम्ही हेच विचारतो तर मुकादम म्हणतो, तुला कामावर घेतलं हेच उपकार.

दुसरी वकिली आपल्याच माणसांची. आमच्यातला कुणी वर्ग एकचा साहेब होतो, गाडी घेतो आणि म्हणतो, आता आपणही क्लबात शिरलं पाहिजे, तिथंही आपला टक्का पाहिजे. साहेब, जा खुशाल. कुणाच्या बापाची ताकद नाही तुम्हाला अडवायची. पण त्याला चळवळ म्हणू नका. चवदार तळ्यावर जाणं म्हणजे तहान भागवणं नव्हतं, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय. तळं सगळ्यांचं आहे हे ठरवायचं होतं. तुम्ही कुंपणाच्या आत गेलात आणि कुंपण तसंच राहिलं, तर तुम्ही त्याचे राखणदार झालात.

आणि कुंपण अटळ नाही. ते सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान सुद्धा गावाच्या मालकीची जमीन आहे. खेळाच्या काशीत अजूनही रविवारी खेळ बंद असतो. गावचे लोक पोरंबाळं, कुत्री घेऊन त्या गवतावर फिरतात. साहेबाच्या देशात हे चालतं. साहेबाची नक्कल करणाऱ्या आमच्या काळ्या साहेबांनी क्लब उचलला, टोपी उचलली, रविवार तेवढा विसरले.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. स्वस्तात गोल्फ नको. सरकारी जमिनीवरचा प्रत्येक क्लब किती एकरात बसलाय, किती भाडं देतो, पट्टा कधी संपतो, याची यादी सरकारनं जाहीर करावी. ज्या नियमानं गायरानधारकाला नोटीस जाते, त्याच नियमानं पट्टा संपलेल्या क्लबाला जावी. सरकारी गवतावर आठवड्याचा एक दिवस सगळ्यांचा असावा. कॅडीला आणि माळ्याला कामगार म्हणा आणि कामगाराचे हक्क द्या. आणि ट्रंकेतल्या त्या दंडाच्या पावत्या पुरावा म्हणून घेऊन सातबाऱ्यावर नाव लावा.

हिंगोलीच्या, वसमतच्या, औंढ्याच्या पोरांनो, उद्या तुमच्या गावात नोटीस आली तर तहसीलला एकटे जाऊ नका. अख्खी वस्ती घेऊन जा, पावत्या घेऊन जा. आणि साहेबाला विचारा, साहेब, दिल्लीच्या १७९ एकराला नोटीस कधी काढता?