बिल्ल्याची सत्ता
प्रचाराचा बिल्ला क्षुल्लक वाटला, तरी त्याचा इतिहास क्षुल्लक नाही. अमेरिकेत न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये सेल्युलॉइडचे आवरण व मागे टाचणी असलेल्या बिल्ल्याचे पेटंट मिळवले. त्याच वर्षीच्या मॅकिन्ली-ब्रायन लढतीत उमेदवारांची छबी असलेले स्वस्त बिल्ले सर्वत्र पोहोचले आणि मतदारच चालताबोलता फलक बनला.

ते बिल्ले आज संग्राहकांकडे आहेत. वाद मात्र जिवंत आहे. मतदान केंद्रात राजकीय बिल्ल्यांना मनाई करणारी मिनेसोटाची तरतूद २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. केंद्रात शांतता असावी हे मान्य. पण ‘राजकीय’ म्हणजे काय, हेच कायद्यात स्पष्ट नव्हते. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचारबंदी राबवणाऱ्या आपल्या मतदान केंद्राध्यक्षांनीही हे ध्यानी घ्यावे: बंदीची रेषा नियमाने आखावी, मर्जीने नव्हे.