आरोग्यविचार : पाठीतील पाण्याचे भय

मुलास ताप आला, डोके दुखू लागले, एकदोन उलट्या झाल्या, की ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून आपण रात्र काढतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु मान ताठून हनुवटी छातीस टेकेनाशी झाली, उजेड सोसवेना, मूल ग्लानीत जाऊ लागले वा त्यास झटके आले, तर तो मस्तिष्कावरणदाह असू शकतो. तान्ह्या बाळाची मान ताठेलच असे नाही. त्याने दूध सोडणे, एकसारखे किरकिरणे, टाळू फुगणे ही लक्षणे ओळखावीत.

मेंदू व मज्जारज्जू यांभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्यांना सूज येणे हाच हा रोग. विषाणुजन्य प्रकार बहुधा सौम्य असतो. क्षयजन्य प्रकार हळूहळू बळावतो. इतर काही जिवाणूंमुळे होणारा मात्र एका दिवसातही प्राण घेऊ शकतो.

प्रकार ओळखण्यासाठी डॉक्टर कमरेतून सुईने थोडे पाणी काढतात. ‘त्याने अंग लुळे पडते’ अशा समजुतीने कित्येक कुटुंबे नकार देतात. वाचकहो, मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली ही सुई घालतात. म्हणून ते भय बाळगू नये. उपचारास झालेला विलंब मात्र बहिरेपण वा मृत्यू ओढवू शकतो.

बी.सी.जी., पेंटाव्हॅलंट व न्यूमोकॉकल या लसी या रोगाच्या काही प्रमुख जंतूंपासून रक्षण करतात आणि सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. आपल्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहावे.