वजनांचा हिशेब मनगटावर होत नाही

जिममधला व्यायाम संपला की हल्ली अनेकांची नजर आधी मनगटावरच्या बँडकडे जाते. कॅलरींचा आकडा मोठा दिसला तर दिवस सार्थकी लागला, छोटा दिसला तर फुकट गेला, असा निवाडा तिथल्या तिथे होतो. वेट ट्रेनिंगपुरता तरी हा निवाडा साफ चुकीचा आहे.

बँडवाल्यांचे म्हणणे असे, की हृदयाच्या ठोक्यांवरून श्रम कळतात आणि श्रमांवरून कॅलरी. पण २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणे चालणे, धावणे, सायकल अशा व्यायामांत तपासली, तेव्हा ठोके मोजण्यात सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत सरस उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

वजनांपुढे तर ठोक्यांचाही भरवसा उरत नाही. बँड त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातला चढउतार टिपतो. डेडलिफ्टला बार घट्ट धरला की हाताचे स्नायू आवळतात आणि हे टिपणेच बिघडते. ठोके बरोबर आले तरी जड वजन पेलताना श्वास रोखला जातो, रक्तदाब चढतो, ठोके वाढतात. ऑक्सिजन मात्र त्या प्रमाणात खर्ची पडत नाही. धावण्याचे गणित इथे लागू पडावे कसे?

‘नवे बँड रेप्सही मोजतात,’ असे उत्तर येते. मोजतात; पण बारला २० किलो लावलेत की ६०, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. लेग प्रेसमध्ये तर पाय राबतात आणि मनगट स्वस्थ असते.

याउलट, ‘नोंदीच नकोत, जुने पैलवान कुठे लिहीत होते?’ असे म्हणणारेही चुकतात. तालमीत जोर-बैठका मोजूनच मारतात आणि वस्ताद तो आकडा वाढवत नेतात. १९४०च्या दशकात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी जखमी सैनिकांना बळ मिळवून दिले, तेही मोजमापानेच: जेमतेम दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधायचे आणि ताकद येईल तसे वाढवत न्यायचे.

म्हणून वही ठेवा. व्यायाम, वजन, सेट, रेप्स आणि शेवटच्या सेटनंतर आणखी किती रेप्स निघाल्या असत्या, एवढे लिहा. गेल्या महिन्यात ४० किलोंचे स्क्वॉट आठ झाले, आज ४५ किलोंचे आठ झाले, तर ताकद वाढली. कॅलरींच्या आकड्यात हे कधीच दिसणार नाही. बँडही राहू द्या. दोन सेटमधली विश्रांती मोजायला, स्वस्थ बसलेले असतानाचे ठोके पाहायला तो उपयोगी आहे.

एवढा आग्रह धरण्याचे कारण आरोग्याचे आहे. आकडा फुगावा म्हणून माणसे वजने सोडून ट्रेडमिलवर जातात. वय वाढते तसे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. जिना चढणे, जमिनीवरून उठणे जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगतात, तो याचसाठी. उतारवयात कामी येणार आहे ते कमावलेले बळ, आणि ते वाढते आहे की नाही हे उचललेले वजनच सांगेल.