गणितात पोरं नापास होत नाहीत, केली जातात

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला की दरवर्षी तीच टेप लागते. "हल्लीच्या पोरांना गणित येतच नाही." एम-वनला केटी लागलेल्यांची यादी बोर्डावर, आणि स्टाफरूम मोबाइलला शिव्या घालून मोकळी.

जरा उत्तरपत्रिका उघडून बघा की! पोरगं इंटिग्रेशनमध्ये अडकलेलं नसतं. ते पार्शल फ्रॅक्शनमध्ये छेद समान करताना चुकतं. (अ + ब) चा वर्ग करताना मधलं २अब गाळतं. भोक आठवीतलं आहे आणि आपण प्लॅस्टर मारतोय कॉलेजात.

त्यात मराठी माध्यमाचं पोर. दहावीपर्यंत वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता शिकलेलं. पुढे हे सगळं अचानक इंग्रजीत. गणित येत असतं, प्रश्न कळत नसतो. हात वर करत नाही, कारण पुढच्या बाकावरचे हसतील. कॅपच्या शेवटच्या राउंडला प्रवेश मिळाला असेल तर तोवर मॅट्रायसेस उरकलेलं असतं.

मग कॉलेज काय करतं? 'रेमेडिअल'. बऱ्याच ठिकाणी ते कागदावरच होतं. सह्या होतात, फोटो निघतात, नॅकची फाइल जाड होते. पोरगं तिथंच.

शिकवणाऱ्याला तरी किती बोलायचं? कायम पदं रिकामी. तासिका तत्त्वावरच्या सरांना घेतलेल्या तासाचेच पैसे. तासानंतर शंका सोडवायला बसले तर ते फुकट, आणि दुसऱ्या कॉलेजची एसटी चुकते ती वेगळीच.

काही जण म्हणतील, कॉलेजात काय बोट धरून शिकवायचं? लाड कशाला? अहो, पेपर सोपा करा असं कोण म्हणतंय? काही न शिकवता ग्रेस देऊन पुढं ढकलणं, हा खरा लाड.

मागणं साधं आहे. पहिल्या आठवड्यात शाळेच्या गणिताची बिनमार्कांची चाचणी. कच्च्या पोरांना २०-२० च्या गटात ट्यूटोरियल, तेही वेळापत्रकात, आणि त्या तासाचे पैसे शिक्षकाला. शंका मराठीत विचारायची उघड मुभा.

पालकहो, ॲडमिशनला जाता तेव्हा प्लेसमेंटचा आकडा विचारता ना? यंदा आणखी दोन प्रश्न विचारा. गणिताचे कायम शिक्षक किती? आणि शंका आली तर पोरगं कुणाकडे, किती वाजता जाईल? समोरचा अडखळला, तर काय ते समजून घ्या.