इमारत पाहिली, भूलतज्ज्ञ कुठे आहे?

आमदार आले की ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत दाखवतात. मैत्रिणींनो, आईबापांनी त्यांना विचारायला हवे : मध्यरात्री सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ असतो का? रक्त मिळते का? २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सारे मोफत आहे. मग बाहेरून औषधे आणायची चिठ्ठी हाती का पडते? हे प्रश्न बायांनीच विचारावेत असे नाही; बापही सभेत असतो, पण बोलतो ते रस्त्याबद्दल. ‘डॉक्टर यायला तयार नाहीत’ हे उत्तर ठरलेलेच. तेव्हा किती पदे कधीपासून रिक्त आहेत आणि विधानसभेत आपण त्यावर कधी प्रश्न विचारला, हे लेखी मागावे.