कपाटाऐवजी चार टेबले

ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेला ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम. तरीही कित्येक प्राथमिक शाळांत पुस्तके फाटण्याच्या भीतीने कुलपातच राहतात. वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी पुस्तक नसते. शाळेतही ते हाती आले नाही, तर येणार कधी? म्हणून ग्रंथालयात चार कृतिकोपरे मांडावेत, असे आमचे मत आहे. एकात मुलांनी नकाशावर आपला तालुका शोधावा, दुसऱ्यात शब्दकोश धुंडाळावा, तिसऱ्यात बिया भिंगाखाली धरून पुस्तकातील चित्रांशी ताडाव्यात, चौथ्यात फाटलेली पाने खळीने चिकटवावीत. जे मूल पुस्तक सांधते, ते सहसा फाडत नाही. माजी विद्यार्थ्यांनी नवे कपाट देण्याऐवजी ही चार टेबले द्यावीत, एवढीच आमची विनंती.