विश्लेषण : विमान उडवायला कोट्यवधींची वर्गणी, मग छपरासाठी का नाही? ‘व्हल्कन’ची गोष्ट भारताला काय शिकवते?

इंग्लंडमधील डॉनकास्टर विमानतळावर एक प्रचंड त्रिकोणी विमान उघड्यावर उभे आहे. ते पुन्हा उडावे म्हणून हजारो सामान्य लोकांनी वर्षानुवर्षे वर्गणी दिली. ते उडाले, तब्बल आठ वर्षे उडाले. मात्र उडणे थांबल्यावर त्याच विमानाला स्वतःचे छप्पर मिळू शकले नाही. निवृत्त लढाऊ विमाने वाचवण्याच्या जगभरातील मोहिमांची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही या एका गोष्टीत दिसतात. भारतीय हवाई दलाचे मिग-२१ नुकतेच निवृत्त झाले असताना ती समजून घेणे गरजेचे आहे.

व्हल्कन हे नेमके कोणते विमान?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने अण्वस्त्रे वाहून नेण्यासाठी तीन जेट बॉम्बर विमाने बनवली. व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन. यांना ‘व्ही-बॉम्बर’ म्हणत. अ‍ॅव्ह्रो कंपनीचे व्हल्कन १९५२ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्रिकोणी पंख, पंखांच्या मुळाशी दडवलेली चार ऑलिम्पस इंजिने आणि पाच जणांचा चमू ही त्याची वैशिष्ट्ये. अण्वस्त्रे टाकण्याची वेळ सुदैवाने कधी आली नाही. प्रत्यक्ष युद्धात ते वापरले गेले ते १९८२ च्या फॉकलंड युद्धात. अटलांटिकमधील असेन्शन बेटावरून निघालेल्या व्हल्कनने, वाटेत हवेतल्या हवेत अनेकदा इंधन भरून घेत, पोर्ट स्टॅनलीच्या धावपट्टीवर २१ बॉम्ब टाकले. त्यातला एक धावपट्टीवर पडला. जाऊन-येऊन ही मोहीम सुमारे १६ तासांची होती.

या गोष्टीचा नायक असलेले विमान मात्र वेगळे. त्याचा क्रमांक एक्सएच ५५८. ते १९६० मध्ये हवाई दलात आले. व्हल्कनचा ताफा निवृत्त झाल्यावरही हवाई कसरतींसाठी ते राखून ठेवले होते. १९९२ नंतर खर्च परवडत नाही म्हणून हवाई दलाने तेही थांबवले. १९९३ मध्ये एका खासगी कुटुंबाच्या कंपनीने ते विकत घेतले आणि ते लेस्टरशरमधील ब्रंटिंगथॉर्प येथे जाऊन उतरले. तिथे ते अधूनमधून धावपट्टीवर पळवले जाई, पण आकाशात जात नसे.

ते पुन्हा आकाशात कसे गेले?

१९९७ च्या सुमारास रॉबर्ट प्लेमिंग यांच्या पुढाकाराने काही जणांनी हे विमान पुन्हा उडवता येईल का, याचा अभ्यास सुरू केला. प्लेमिंग तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे. त्यांनी आधी कागदावर हिशेब मांडला, विमान बनवणाऱ्या मूळ कंपन्यांना सोबत घेतले आणि मग लोकांपुढे झोळी पसरली. ‘व्हल्कन टू द स्काय’ ट्रस्ट उभा राहिला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून चालणाऱ्या वारसा निधीने २७ लाख पौंडांहून अधिक अनुदान दिले. उरलेला पैसा लोकांकडून आला. कुणी महिन्याला ठरावीक रक्कम दिली, कुणी टी-शर्ट आणि मग विकत घेतले, कुणी शनिवार-रविवार येऊन फुकट काम केले.

२००६ च्या उन्हाळ्यात पैसा संपला. अभियंत्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसाही निघाल्या. तेव्हा सर जॅक हेवर्ड या उद्योगपतींनी एकरकमी पाच लाख पौंड दिले आणि काम वाचले. (हेवर्ड यांनीच १९७० मध्ये ‘ग्रेट ब्रिटन’ हे जुने ऐतिहासिक जहाज फॉकलंडहून मायदेशी आणण्याचा खर्च उचलला होता.) अखेर १८ ऑक्टोबर २००७ रोजी एक्सएच ५५८ पुन्हा उडाले. तोवर सुमारे ७० लाख पौंड, म्हणजे आजच्या दराने ७० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला होता.

इतका पैसा लागतो कशाला?

जुनी मोटार दुरुस्त करणे आणि जुने जेट उडवणे यात मूलभूत फरक आहे. विमानाच्या सांगाड्यावर प्रत्येक उड्डाणात ताण येतो आणि धातू ‘थकतो’. तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून क्ष-किरण, ध्वनिलहरी अशा तपासण्या कराव्या लागतात. ऑलिम्पस इंजिने कधीच बनायची बंद झाली. साठ्यातली न वापरलेली मोजकी इंजिने हीच पुंजी. त्यामुळे इंजिन किती वेळा चालू-बंद केले याचा हिशेब दागिन्यांसारखा ठेवावा लागे.

हा हिशेब किती नाजूक असतो, हे २०१२ मध्ये दिसले. उड्डाणासाठी धावताना ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या एका इंजिनात ओढल्या गेल्या. त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले आणि दोन्ही निकामी झाली. नवीन मिळणारच नसलेल्या इंजिनांपैकी दोन, एका क्षणात. तरी लोकांनी पुन्हा पैसे दिले आणि काही आठवड्यांत विमान परत उडाले. उडते ठेवण्याचा खर्च वर्षाला सुमारे २० लाख पौंड होता.

मग २०१५ मध्ये का थांबले?

पैसा संपला म्हणून नव्हे. इतके गुंतागुंतीचे माजी लष्करी विमान उडवायचे तर ब्रिटनच्या नियमांनुसार त्याची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या जाणकार कंपन्या पाठीशी असाव्या लागतात. २०१५ च्या मे महिन्यात जाहीर झाले की, अशा तिन्ही कंपन्या त्या हंगामानंतर पाठिंबा थांबवणार आहेत. विमानाचे वय वाढत होते आणि ज्यांनी व्हल्कनवर हाताने काम केले होते ते अभियंते निवृत्त होत होते. सुटे भाग पैशाने कदाचित बनवून घेता येतील, पण अनुभव विकत मिळत नाही.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला शोरहॅम येथील हवाई कसरतीत खासगी मालकीचे हॉकर हंटर हे जुने जेट रस्त्यावर कोसळले आणि ११ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जुन्या जेटच्या कसरतींवर कडक बंधने आली. व्हल्कन थांबवण्याचा निर्णय त्याआधीचा होता, तरीही तो योग्य होता याबद्दल मग फारशी शंका उरली नाही. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी व्हल्कनचे शेवटचे उड्डाण झाले.

आज ते विमान कोणत्या स्थितीत आहे?

खरी गोष्ट इथून सुरू होते. डॉनकास्टरचा हा विमानतळ म्हणजे हवाई दलाचा जुना फिनिंगली तळ, जिथे एकेकाळी व्हल्कन असत. म्हणजे विमान एका अर्थाने घरीच परतले होते. ट्रस्टने त्याच्यासाठी तिथे हँगर आणि प्रदर्शन उभारण्याची योजना मांडली, वर्गणीही मागितली. पण पुरेसा निधी उभा राहिला नाही आणि योजना गुंडाळावी लागली. २०२१ मध्ये प्लेमिंग यांचे निधन झाले. २०२२ च्या अखेरीस विमानतळच बंद पडला. पाठोपाठ ट्रस्टला जागा सोडण्यास सांगण्यात आले.

सोडून जाणार कुठे? विमानाला उडण्याची परवानगी नाही. पंखांचा पसारा ३३ मीटरहून अधिक, त्यामुळे सुटे केल्याशिवाय रस्त्याने नेता येत नाही. शहराच्या महापालिकेने पुढे विमानतळ भाडेपट्ट्याने घेऊन पुन्हा सुरू करण्याची खटपट चालवली आहे, ही त्यातल्या त्यात दिलासादायक बाब. पण ज्या विमानासाठी लोकांनी कोट्यवधी दिले, त्याचे भवितव्य दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याच्या निर्णयावर लटकले, हे वास्तव बदलत नाही.

उघड्यावर उभे राहिल्याने काय बिघडते?

उडणाऱ्या विमानापेक्षा उभे विमान लवकर खराब होते, हे अनेकांना खरे वाटत नाही. विमानाचा सांगाडा मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा. त्यात जागोजागी पोलादाचे बोल्ट. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. फटींत साचलेले पाणी वाळत नाही. रबरी सील कडक होऊन तडकतात. उन्हाने कॉकपिटची काच धुरकट होते. पक्षी घरटी करतात. वरून रंग चकाचक, आतून सांगाडा पोकळ अशी अवस्था व्हायला दोन-तीन दशके पुरतात.

याउलट लंडनमधील हेंडन, कॉसफर्ड आणि डक्सफर्ड येथील संग्रहालयांत व्हल्कन विमाने छपराखाली आहेत. ती कधीच उडणार नाहीत, त्यांच्यासाठी कुणी डोळ्यांत पाणी आणून धनादेश फाडला नाही. पण पन्नास वर्षांनी पाहायला मिळतील ती हीच विमाने.

मधला मार्ग आहे का?

आहे, पण तोही सोपा नाही. साउथएंड आणि वेल्सबर्न येथे स्वयंसेवकांनी एकेक व्हल्कन राखले आहे. उड्डाण नाही, फक्त इंजिन चालू करणे आणि धावपट्टीवर पळवणे एवढेच. खर्च कमी, यंत्रणा जिवंत राहते आणि नव्या पिढीच्या हाताला काम कळते. मात्र धोका संपत नाही. २०२२ मध्ये वेल्सबर्नचे विमान अशाच एका प्रात्यक्षिकात धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

मग लोकांचा पैसा वाया गेला का?

नाही, असेच म्हणावे लागेल. आठ वर्षे लाखो लोकांनी ते विमान आकाशात पाहिले. त्याच्या इंजिनांची ती प्रसिद्ध आरोळी ऐकली. ‘एवढ्या पैशात दवाखाना झाला असता’ हा आक्षेप प्रत्येक वारशाच्या कामावर घेतला जातो, आणि वर्गणी देणारा स्वखुशीने देत असेल तर त्यात फार दम नाही. आक्षेप वेगळाच घ्यायला हवा. लोकांनी क्षणासाठी पैसे दिले, काळासाठी दिले नाहीत. आणि मागणाऱ्यांनीही आधी क्षणासाठीच मागितले.

हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. गणपतीच्या देखाव्याला वर्गणी मिळते, मंडळाच्या गळक्या खोलीला मिळत नाही. देवळाच्या कळसाला देणगीदार मिळतो, पायाला नाही.

भारताचा यात काय संबंध?

दोन कारणांनी आहे. पहिले म्हणजे ‘विक्रांत’. विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली. भावना उदंड होत्या, आंदोलने झाली, न्यायालयात याचिका झाल्या. पण कायमस्वरूपी संग्रहालयाचा खर्च परवडणारा नाही, अशी भूमिका राज्य सरकारने घेतली. २०१४ मध्ये साधारण ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. १९७१ च्या युद्धात जिच्यावरून सी हॉक विमाने उडाली, ती नौका वाचवायला भावना पुरल्या नाहीत.

दुसरे कारण ताजे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ पासूनची ही सेवा. यातील शेकडो विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. म्हणजे हे विमान जितके हवाई दलाचे, तितकेच ओझरच्या कामगारांचे. आता ही विमाने मागण्यासाठी संस्था, महाविद्यालये, नगरपालिका पुढे येतील. निवृत्त विमान चौकात चौथऱ्यावर उभे करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. उद्घाटन होते, फोटो येतात. चार पावसाळ्यांनंतर रंग उडतो, चाके बसतात, पंखाखाली पोस्टर लागतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर हे आणखी लवकर होते. गोव्यातील दाभोळी येथे नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, तिथे निदान देखभाल करणारी मालक संस्था आहे. चौकातल्या विमानाला तीही नसते.

चांगले उदाहरणही आहे. एका भारतीय राजकीय नेत्याने ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलेले ‘परशुराम’ हे डकोटा विमान २०१८ मध्ये भारतात आले. पैसा खासगी होता, पण विमान हवाई दलाच्या ताब्यात गेले. मालक आणि देखभाल करणारे हात दोन्ही आधी ठरले होते.

मग काय व्हायला हवे?

विमान मागणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्यासाठी वर्गणी देणाऱ्या प्रत्येकानेही, तीन प्रश्न विचारावेत. छप्पर कुठे आहे? जमीन कुणाच्या नावावर आहे? आणि दहाव्या वर्षाचा देखभाल खर्च कोण देणार? तिन्हींची उत्तरे नसतील तर विमान देऊ नये आणि वर्गणीही देऊ नये. पन्नास चौकांत पन्नास विमाने गंजण्यापेक्षा ओझरसारख्या ठिकाणी एकच मिग-२१ नीट छपराखाली, त्याचे इंजिन उघडून दाखवलेले आणि ते बनवणाऱ्या कामगारांच्या आठवणींसह असावे. ते कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. व्हल्कनच्या बाबतीत शेवटी पैसा नव्हे, जाणकार माणसे आधी संपली, हे विसरून चालणार नाही.